मऊ, पारदर्शक आणि तात्पुरती : कूलिंगच्या नळीची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. पीसी बिल्ड करणाऱ्या बऱ्याच जणांनी गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवला : कस्टम वॉटर कूलिंगसाठी पारदर्शक मऊ नळी घ्यायची आहे, कुठली घेऊ? आणि ज्यांनी आधीच घेतलीय त्यांचा प्रश्न : सहा महिन्यांत ती दुधाळ का झाली? दुकानदारानं फसवलं का?

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर पंख्याऐवजी तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात, त्यातून पाणी फिरवतात, ते गरम झालेलं पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं. या सगळ्यांना जोडते ती नळी. म्हणजे लाखभर रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्सवरून चोवीस तास पाणी वाहतंय आणि मध्ये फक्त दोन-तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची भिंत आहे. त्या भिंतीबद्दल थोडं खोलात शिरायला हरकत नाही.

दुकानदाराचं म्हणाल तर, त्यानं फसवलं असेलही, मला माहीत नाही. पण नळी दुधाळ होण्याचं मुख्य कारण दुकानात नाही. ते १९२६ साली अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावात, एका प्रयोगशाळेत आहे. तिथे जायचंय, पण आधी तुमच्या शाळेच्या दप्तरातून जाऊ.

कंपासपेटी आठवा. मे महिन्याच्या सुट्टीत पेटी तशीच पडून राहायची आणि जूनमध्ये उघडली की खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटलेलं असायचं. नुसतं चिकटलेलं नाही, पट्टी त्या जागी वितळल्यासारखी व्हायची, खड्डा पडायचा. किंवा वहीचं प्लास्टिक कव्हर : वर्षाच्या शेवटी ते काढलं की खालची छापील अक्षरं उलटी होऊन कव्हरला आलेली. किंवा माळ्यावर घडी करून ठेवलेला रेनकोट, जो पुढच्या पावसाळ्यात उघडताना चर्र करून सुटतो आणि बोटांना चिकट लागतो. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडतेय. प्लास्टिकच्या आतून काहीतरी बाहेर पडून शेजारच्या वस्तूत शिरतंय. तुमच्या कूलिंगच्या नळीतही तेच चाललंय.

ते ‘काहीतरी’ आत गेलं कसं, हा आजचा इतिहास.

पीव्हीसी हा पदार्थ पहिल्यांदा कुणी मुद्दाम बनवलाच नाही. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेली काचेची बंद नळी उन्हात राहिली आणि आत पांढरा घट्ट पदार्थ जमलेला दिसला. त्यानं नोंद केली आणि विषय तिथेच राहिला. पुढे १९१३च्या सुमारास फ्रिट्झ क्लाटं यानं पेटंटही घेतलं. पण हा पदार्थ होता कडक, ठिसूळ आणि आडमुठा. तापवून आकार द्यायला जावं तर मऊ होण्याआधीच तो बिघडायला लागायचा, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सोडायचा. कारखानदारांना त्यात काही दम वाटेना.

मग येतो वॉल्डो सेमन. १८९८चा जन्म, अलाबामातला. १९२६ साली तो ॲक्रनच्या बी. एफ. गुडरिच या टायर-रबरवाल्या कंपनीत लागला. त्याला दिलेलं काम अगदी वेगळं होतं : धातूच्या टाक्यांना आतून रबराचं अस्तर लावायचं, तर रबर धातूला घट्ट धरून ठेवेल असा चिकट पदार्थ शोध. त्यानं पीव्हीसी घेतलं आणि खूप उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात ते तापवलं. चिकट पदार्थ काही मिळाला नाही. द्रावण गार झाल्यावर हातात आला जेलीसारखा, ताणला तर ताणणारा, सोडला तर परत येणारा गोळा. रबरासारखा, पण रबर नव्हे.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. हा पदार्थ लावलेलं कापड घेऊन सेमन थेट वरच्या साहेबाच्या केबिनमध्ये गेला, टेबलावरच्या कागदांच्या ट्रेवर ते पसरलं आणि वरून जगातलं पाणी ओतलं. कागद कोरडे राहिले. तिथून रेनकोट, बाथरूमचे पडदे, वायरींवरचं आवरण असा या मऊ पीव्हीसीचा प्रवास सुरू झाला. १९३३ साली सेमनला पेटंट मिळालं. तो जगला १०० वर्षं, १९९९ साली वारला. म्हणजे आपल्या गोष्टीत पुढे येणारे कॉम्प्युटरवाले त्याच्या हयातीतच त्याची नळी कापून कॅबिनेटमध्ये घालत होते.

आता सेमननं नेमकं काय केलं ते समजून घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

पीव्हीसीचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. शेवया समजा. शेवया शिजवून तशाच ठेवल्या तर गार झाल्यावर त्यांचा एक घट्ट गोळा होतो, कारण त्या एकमेकींना धरून बसतात. पीव्हीसीच्या साखळ्यांवर क्लोरीनचे अणू असतात आणि त्यांच्यामुळे ही पकड चांगलीच घट्ट असते. शेवयांना तूप लावलं की काय होतं? त्या सुटसुटीत होतात, एकमेकींवरून घसरतात. सेमनचा द्रावक हे ते तूप. साखळ्यांच्या मध्ये शिरून बसला आणि कडक पदार्थ मऊ झाला. या तुपाला प्लास्टिसायझर म्हणतात. पुढच्या काळात त्यासाठी थॅलेट नावाच्या कुळातली रसायनं सगळ्यात जास्त वापरली गेली. त्यातलं डीईएचपी हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

महत्त्वाचं हे की तूप शेवयांना लागलेलं असतं, जोडलेलं नसतं. प्लास्टिसायझर आणि पीव्हीसी यांच्यात रासायनिक बंध नाही. तो आत राहतो तो केवळ गर्दीमुळे. आणि थोडाथोडका नसतो; मऊ नळीच्या वजनात तीस-चाळीस टक्केसुद्धा प्लास्टिसायझर असू शकतो. एक किलो नळी विकत घेतलीत तर त्यातले तीन-चारशे ग्रॅम हे भाड्यानं राहणारे आहेत. कधी ना कधी निघणार. खोडरबरातून पट्टीत, कव्हरमधून शाईत, रेनकोटमधून तुमच्या बोटांवर.

पण मग लोक याच्या इतके प्रेमात का पडले? कारण ही नळी मऊ असून आरपार दिसायची. त्याआधी मऊ नळी म्हणजे रबर, आणि रबर गंधक घालून पक्कं केलं की अपारदर्शक. आरपार पाहायचं तर काच, आणि काच वाकत नाही. पॉलिथिनची नळी असते, पण त्याच्या साखळ्या आतल्या आत रचून बसतात, स्फटिक तयार होतात, प्रकाश विखुरतो आणि नळी दुधट दिसते. पीव्हीसीच्या साखळ्या बहुतांशी विस्कळीत राहतात, म्हणून प्रकाश सरळ निघून जातो. विस्कळीतपणाचा असाही फायदा असतो बरं का.

ही आरपार नळी आपल्याकडे सगळ्यात प्रामाणिकपणे कोण वापरतं, तर गवंडी. बांधकामावर पाहिलं असेल : लांब पारदर्शक नळीत पाणी भरतात, एक जण एका खांबापाशी, दुसरा दुसऱ्या खांबापाशी, दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खूण. घराच्या चारही कोपऱ्यांची लेव्हल एक. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, म्हणून नळी पारदर्शकच हवी. आणि तीच नळी वर्ष-दोन वर्षं उन्हात राहिली की पिवळी आणि ताठ होते. तूप गेलं, शेवयांचा गोळा झाला. गवंडी त्यावर चर्चा करत बसत नाही, नवीन आणतो. हे वागणं लक्षात ठेवा.

बुडबुडा दिसावा म्हणून पारदर्शक नळी, हेच कारण दवाखान्यातही होतं. तिथला मामला मात्र गंभीर आहे. पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवायचे आणि रबरी नळ्या धुऊन, उकळून पुन्हा पुन्हा वापरायचे. बाटली फुटायची, नळी नीट साफ झाली नाही तर रुग्णाला ताप यायचा. १९५०च्या आसपास बोस्टनचे सर्जन कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी ज्युनिअर यांनी मऊ पीव्हीसीची रक्तपिशवी पुढे आणली. फुटत नाही, एकदाच वापरायची, दाबता येते. कोरियाच्या युद्धात ती वापरून पाहिली गेली आणि पुढच्या काही दशकांत काचेच्या बाटल्या मागे पडल्या. आज सलाईन लावलेलं पाहताना आपल्याला ती नळी दिसतसुद्धा नाही, इतकी ती सवयीची झालीय. किती जीव तिनं वाचवले असतील याची मोजदाद नाही.

आणि मग १९७० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रूडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन या दोघांनी दाखवून दिलं की पीव्हीसीच्या पिशवीत साठवलेल्या रक्तात डीईएचपी उतरतो. पिशवीतून रक्तात, रक्तातून रुग्णाच्या शरीरात. खोडरबर आणि पट्टी, फक्त पट्टीच्या जागी माणूस. रक्तात स्निग्ध पदार्थ असतात आणि डीईएचपीला स्निग्धात विरघळायला आवडतं, त्यामुळे तो पाण्यापेक्षा रक्तात कितीतरी जास्त जातो.

यावर लगेच पिशव्या बंद झाल्या असत्या, पण इथे इतिहास जरा वाकडा चालतो. डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणात शिरतो आणि साठवणुकीत त्या पेशी फुटण्याचं प्रमाण कमी करतो. म्हणजे जो पदार्थ नको तोच रक्त टिकवतोय! त्यामुळे पर्याय शोधायला फार वेळ गेला आणि ते काम अजून चाललंय. मुलांच्या खेळण्यांत मात्र युरोपानं २००५ साली आणि अमेरिकेनं २००८ साली डीईएचपीसारख्या थॅलेटवर कडक मर्यादा घातल्या. पर्यायी प्लास्टिसायझर बाजारात आले. हे आत्ता का सांगतेय? कारण नळीच्या पाकिटावर ‘थॅलेट-फ्री’ लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं यात प्लास्टिसायझरच नाही. तसं नाहीये. तूप बदललंय. शेवया अजून तुपातच आहेत.

आता कॉम्प्युटर. मोठ्या मशीनमध्ये पाणी फिरवणं जुनंच. आयबीएमच्या १९८०च्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये शंभराहून जास्त चिप्स एका डबीत बसवलेल्या असायच्या, डबीत हेलियम वायू, प्रत्येक चिपच्या पाठीवर धातूची दांडी टेकवलेली आणि वर पाणी खेळवलेली थंड पाटी. ते पाणी दिसावं अशी कुणाला गरजच नव्हती. बंद कपाट, आणि देखभालीला कंपनीचे इंजिनीअर.

घरगुती वॉटर कूलिंग हे वेगळ्याच स्वभावाच्या लोकांनी सुरू केलं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए आला, ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डवर एक सेटिंग बदललं की तो ४५० वर चालायचा. फुकटात दीडपट! ओव्हरक्लॉकिंगचं वेड पसरलं, वेडाबरोबर उष्णता आली आणि उष्णतेबरोबर जुगाड. तेव्हा या कामासाठीचे तयार भाग जवळपास मिळतच नव्हते. पंप फिश टँकचा. रेडिएटर म्हणून गाडीच्या केबिन हीटरमधला छोटा रेडिएटर. १९७७च्या पाँटियाक बॉनव्हिलचा तर इतका लाडका की भंगारवाल्यांकडे लोक तेवढाच मागायला जायचे. ठोकळे घरी ड्रिल मारून केलेले. आणि नळी? हार्डवेअरच्या दुकानातली मीटरवर मिळणारी पारदर्शक पीव्हीसी. सेमनची.

ती निवडली कारण ती स्वस्त होती आणि कोपऱ्यावर मिळायची. आणि गवंड्याचं कारण होतंच : पाणी भरताना बुडबुडे कुठे अडकलेत ते दिसायला हवं, नाहीतर पंप कोरडा फिरतो. सौंदर्य नंतर आलं. कॅबिनेटला खिडकी कापायची फॅशन आली, मग आत निळ्या-जांभळ्या ट्यूब, मग त्या प्रकाशात चमकणारा रंग पाण्यात. पारदर्शक नळी ही गरजेची वस्तू होती ती दाखवायची वस्तू झाली, आणि तिथून कटकटी सुरू झाल्या. कारण गवंड्याला नळी थोडी धुरकट झाली तर चालते. ज्यानं खिडकीतून दिसण्यासाठीच मशीन बांधलंय, त्याला चालत नाही.

मग लोक चांगल्या नळीच्या शोधात प्रयोगशाळांच्या सामानाकडे वळले. टायगॉन हे नाव त्या काळात अगदी मंत्रासारखं घेतलं जायचं. ती नळी खरंच चांगली होती, वाकायची छान, मुडपायची कमी. पण तिचा प्रयोगशाळेतला लाडका पारदर्शक प्रकार पीव्हीसीच होता, तोही धुरकट व्हायचा. दवाखान्याची नळी म्हणजे सर्वोत्तम, हा गैरसमजही तेव्हापासूनचा. सलाईनची नळी काही तासांच्या कामासाठी बनते. पन्नास अंशांचं पाणी वर्षभर फिरवणं हे तिचं कामच नाही.

धुरकटपणा दोन प्रकारचा असतो, आणि इथे बरेच जण गल्लत करतात. पहिला म्हणजे पीव्हीसी थोडं पाणी पिऊन घेतं आणि दुधट दिसतं. नळी काढून कोरडी केली तर हा प्रकार बराचसा निघून जातो. त्यानं नुकसान काही नाही, डोळ्यांना खुपतं एवढंच. दुसरा खरा त्रासाचा. प्लास्टिसायझर बाहेर पडून नळीच्या आतून पांढुरका, चिकट थर बसतो आणि तो वाहत वाहत ठोकळ्यात जातो. तिथे तांब्याच्या पात्या एकमेकींपासून अर्धा मिलिमीटरही लांब नसतात. त्यात हा चिकटा अडकला की पाणी अडतं आणि तापमान वर सरकायला लागतं. त्यामुळे ठोकळा उघडला आणि पात्यांत पांढरी साय दिसली तर शेवाळ समजून औषध ओतत बसू नका. शेवाळही पारदर्शक नळीत होतं म्हणा, उजेड मिळतो ना, पण ही साय वेगळी. ती ब्रशनं काढावी लागते.

२०१३च्या आसपास हौशी मंडळींनी या कटकटीतून वाट काढली ती कडक नळीची. ॲक्रिलिक आणि पीईटीजी, दोन्ही काचेसारख्या स्वच्छ. त्यात तूपच नाही, त्यामुळे निघणार काय? पण हीट गननं तापवून वळवायची, माप चुकलं की तुकडा वाया, आणि ग्राफिक्स कार्ड बदललं की सगळी जुळवणी पुन्हा. शिवाय पीईटीजी फार गरम पाण्यात मऊ पडते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

दुसरी वाट ईपीडीएम रबराची. काळीकुट्ट, मॅट, आतलं काही दिसत नाही. ईकेनं तिला झेडएमटी, म्हणजे ‘झिरो मेंटेनन्स ट्यूबिंग’ असं नाव देऊन विकली. हे रबर १९६०च्या दशकापासून बाजारात आहे आणि गाड्यांच्या रेडिएटरचे होज त्याचेच असतात. म्हणजे बघा, गाडीचा हीटर उचकटून सुरू झालेला छंद पंधरा-वीस वर्षांनी गाडीच्याच होजपाशी येऊन टेकला. मला या वळणाची भारी मजा वाटते. माझ्या टेबलाखाली हीच काळी नळी आहे, आणि तिच्याकडे बघण्यासारखं खरोखर काही नाही.

मधले मार्ग? सिलिकॉनला मऊ राहायला प्लास्टिसायझर लागत नाही, पण ती नळी लेचीपेची, लवकर मुडपते, आणि भिंतीतून पाण्याची वाफ निघून जाते, त्यामुळे पातळी सतत उतरते. पॉलियुरेथेन मजबूत, जर्मनीतल्या मंडळींनी बरीच वापरली, पण ताठ, लहान वळणाला नकार देते. म्हणजे मऊही हवी, काचेसारखीही हवी आणि कायम तशीच राहायलाही हवी, अशी नळी घरगुती कूलिंगच्या बाजारात मला तरी सापडलेली नाही. यातल्या कुठल्या दोन हव्यात ते आपण ठरवायचं.

तरीही तुम्हाला पारदर्शक मऊच हवी असेल तर घ्या, मी अडवत नाही. दिसते सुंदरच, आणि पहिल्यांदा लूप बांधणाऱ्यानं तीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण बुडबुडे दिसतात आणि चुकलं तर कात्रीनं कापून पुन्हा लावता येते. फक्त गवंड्यासारखी घ्या. ही बदलायची वस्तू आहे हे धरूनच बजेट करा. जाड भिंतीची घ्या : आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर हे माप वळणावर १०/१३ पेक्षा कितीतरी कमी मुडपतं. आतला व्यास वाढवून तापमान उतरेल या आशेवर राहू नका, तिथे फारसा फरक पडत नाही. फिटिंग मात्र नेमक्या त्याच मापाची हवी, आतलं आणि बाहेरचं दोन्ही. इंचातली नळी आणि मिलिमीटरमधली फिटिंग ‘जवळपास बसते’ म्हणून लावली, तर तीही जवळपासच धरते.

रंगीत तयार कूलंटपेक्षा डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ रोखणारं योग्य द्रव्य, हे नळीला सौम्य. रंग घालायचाच असेल तर नळीही तो रंग पिणार हे मान्य करा. आणि विदर्भातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळं. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला बाहेर ४५, एसी नसलेल्या खोलीत ४० धरा, वर मशीनचा भार. पाणी सहज पन्नाशी गाठतं. बरेच पंप ६० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि गरम पाण्यात प्लास्टिसायझर जास्त भराभर निघतो. पुण्यातल्या एखाद्याची नळी जितकी टिकली तितकी तुमची टिकेलच असं नाही. पीईटीजी घ्यायचा विचार असेल तर तोही आधी याच आकड्याशी पडताळून बघा.

शेवटची एक युक्ती. नळी घेताना अर्धा मीटर जास्त घ्या, त्यातला बोटभर तुकडा कापून ड्रॉवरमध्ये अंधारात ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. दर दोन महिन्यांनी तो लूपमधल्या नळीशेजारी धरून बघा, दोन्ही जरा वाकवूनही बघा. रोज समोर असलेली नळी कधी पिवळी झाली ते आपल्याला कळत नाही. तुकडा शेजारी धरला की लगेच कळतं. लूपमधली ताठ वाटायला लागली, किंवा नुसती धुरकट नाही तर आतून ओशट दिसायला लागली, की त्या रविवारी पाणी काढा, ठोकळा उघडा, आणि नळी बदला. जुनी फेकून द्या, पण कंपासपेटीत ठेवू नका.